ट्रँगल स्ट्रॅटेजीचा डेमो: आधी विचारा, मग विका



आज एका व्हिडिओ गेमच्या डेमोबद्दल लिहिते आहे. लगेच पान बंद करू नका. तुम्ही लोणची करत असाल, शिवणकाम करत असाल, महिन्याचा डबा देत असाल किंवा घरी क्लास घेत असाल, तरी हा विषय तुमचाच आहे. कारण डेमो म्हणजे शेवटी काय? सॅम्पल. आणि सॅम्पलच्या बाबतीत आपल्याकडे जेवढा गोंधळ चालतो, तेवढा क्वचितच कशात चालत असेल.

गेमचं नाव आहे ट्रँगल स्ट्रॅटेजी. जपानमधल्या स्क्वेअर एनिक्स आणि आर्टडिंक या कंपन्यांनी तो बनवला. ४ मार्च २०२२ ला तो निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवरही आला. मी काही गेम खेळणाऱ्यांतली नाही. पण याचा डेमो मी दोन संध्याकाळी बसून खेळले, आणि मग तो डेमो कसा तयार झाला त्याची हकीकत वाचली. खरं सांगते, गेमपेक्षा ती हकीकत मला जास्त आवडली. पण दोन्ही सांगते, कारण एक कळल्याशिवाय दुसरं कळत नाही.

गेम आहे तरी कसा?

बुद्धिबळ डोळ्यांसमोर आणा. पट आहे, पटावर घरं आहेत, आपली माणसं आहेत, समोरच्याची माणसं आहेत. सगळं पाळीपाळीनं. तुमच्या माणसाची पाळी आली की तो चालणार आणि एक काम करणार: वार, औषधोपचार, जादू, जे काही असेल ते. घाई नाही. बटणं बडवायची नाहीत. चहा पीत विचार करा, मग चाल करा.

फरक असा, की हा पट सपाट नाही. पायऱ्या आहेत, छपरं आहेत, उंचवटे आहेत. उंचावरून वार केला तर तो जास्त लागतो. शत्रूच्या पाठीमागून केला तर आणखी लागतो. शत्रूच्या एका बाजूला तुमचा एक माणूस आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसरा असेल, तर एकानं मारल्यावर दुसराही आपसूक मारतो. म्हणजे दोन साधी माणसं नीट उभी केली तर एका पहिलवानाचं काम करतात. जमिनीचासुद्धा हिशोब आहे. गवताला आग लागते, बर्फ आगीनं वितळून पाणी होतं, आणि पाण्यातून वीज पसरते.

स्क्रीनच्या खाली एक पट्टी असते. पुढची पाळी कोणाची, त्याच्या पुढची कोणाची, हे त्यात ओळीनं दिसतं. आणि प्रत्येक माणसाकडे काही गुण असतात. दर पाळीला एक गुण जमा होतो, आणि मोठी चाल करायची तर दोन-तीन गुण खर्च होतात. आज छोटं काम करून साठवायचं की आहे ते आत्ताच उडवायचं? धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. महिन्याची दहा तारीख आणि खात्यातली शिल्लक बघून आपण तो रोजच सोडवतो.

गोष्टसुद्धा व्यापाराचीच आहे बरं का. नॉर्झेलिया नावाचा काल्पनिक खंड आहे. त्यात तीन राज्यं. एकाकडे मीठ, दुसऱ्याकडे लोखंड, आणि तिसरं दोघांच्या मध्ये. मीठ आणि लोखंड यांच्यावरून तीस वर्षांपूर्वी मोठं युद्ध झालेलं. आता शांतता आहे, पण ती किती दिवस टिकेल हे कोणालाच माहीत नाही. आपण असतो सेरेनोआ नावाचा तरुण, एका सरदार घराण्याचा वारस.

पहिल्या दोन तासांत काय वाटलं

पहिली गोष्ट: देखणा आहे. जुन्या गेममध्ये असायची तशी ठिपक्याठिपक्यांची छोटी माणसं, पण आजूबाजूचं गाव, पाणी, उजेड सगळं खोली असलेलं. एखाद्या शाळकरी पोरानं पुठ्ठ्याची देखाव्याची पेटी करावी आणि त्यात दिवा लावावा, तसं दिसतं.

दुसरी गोष्ट: बोलणं फार. लढाई झाली की गप्पा, गप्पा झाल्या की दरबार, दरबार संपला की पुन्हा गप्पा. नावं लक्षात ठेवता ठेवता माझी तारांबळ उडाली. ज्याला फक्त लढाया खेळायच्या आहेत त्याला हा डेमो जड जाणार, यात शंका नाही.

तिसरी गोष्ट: हरलात तरी सगळं पाण्यात जात नाही. लढाईत मिळालेला अनुभव तुमच्या माणसांकडे राहतो आणि तुम्ही तीच लढाई पुन्हा खेळता, जरा जास्त तयारीनं. मी एक लढाई हरले. पुन्हा बसले तेव्हा राग आला नव्हता, उत्सुकता वाटत होती. नवख्या माणसाला हाकलून न देता अवघड काम कसं शिकवायचं, हे क्लास घेणाऱ्या प्रत्येकानं इथे बघावं.

आणि चौथी गोष्ट, जी या गेमची खासियत आहे: मोठा निर्णय तुम्ही एकटे घेऊ शकत नाही. कुठल्या राज्यात जायचं, कोणाची बाजू घ्यायची, असा प्रसंग आला की एक तराजू समोर येतो. तुमचे सात सोबती त्यात एकेक नाणं टाकून मत देतात. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर आधी प्रत्येकाला गाठून पटवायचं. आणि पटवण्यासाठी नुसतं गोड बोलून चालत नाही. आधी गावात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, माहिती जमवायची. अमुक माणसाकडून तमुक गोष्ट कळलेली असेल तरच बोलताना तो मुद्दा तुमच्या हाती येतो. न हिंडता आलात तर बोलायला मुद्दाच नाही.

हे खेळताना माझ्या मनात एकच आलं. विचारपूस करणाऱ्याच्या हाती मुद्दा येतो, हे ज्यांनी गेममध्ये इतकं पक्कं बसवलं, त्यांनी स्वतः गेम विकताना काय केलं असेल? आणि इथून ती हकीकत सुरू होते.

मी खेळले तो डेमो दुसरा होता

मी जो खेळले तो डेमो गेम बाजारात यायच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यात गोष्टीचे पहिले तीन भाग आहेत. पण त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, याच गेमचा एक पहिला डेमो लोकांना फुकट दिला होता.

तेव्हा गेम तयार नव्हता. नावही पक्कं नव्हतं. 'प्रोजेक्ट ट्रँगल स्ट्रॅटेजी' असं लिहून पुढे चक्क 'तात्पुरतं नाव' असं छापलं होतं. आणि त्या डेमोत गोष्टीची सुरुवात नव्हतीच. सहावा आणि सातवा भाग होता!

विचार करा. तुम्ही कोणाला पिक्चर दाखवायला बसवलंत आणि मध्यंतरानंतरची दोन रिळं लावलीत. राजपुत्र कोण, त्याच्या मागे कोण लागलंय, हा सल्लागार असा का बोलतोय, काही कळायला मार्ग नाही. नवीन गिऱ्हाइकावर पहिली छाप पाडायची म्हटलं तर याहून वाईट निवड होणार नाही.

मग त्यांनी असं का केलं? मला जे दिसतं ते असं. त्या दोन भागांत गेमचं सगळं सार आहे. दमदार लढाई आहे. आणि तो तराजू आहे, तोही सगळ्यात टोकाच्या प्रश्नावर: शत्रूनं गाव वेढायची धमकी दिली आहे, तर आसऱ्याला आलेल्या मित्राला, म्हणजे राजपुत्र रोलँडला, त्याच्या हवाली करायचं की त्याच्यासाठी लढायचं? लढायचं ठरवलंत तर पुढे आणखी एक पेच. गावातल्या घरांना आग लावून शत्रूला रोखता येतं, पण ती घरं तुमच्याच रयतेची. तुम्ही जे निवडाल तसा पुढचा खेळ बदलतो.

म्हणजे पहिल्या डेमोतून त्यांना विचारायचं होतं: आमची जी खास गोष्ट आहे, ती तुम्हाला चालतेय का? त्यासाठी सुरुवातीची ओळखपाळख उपयोगाची नव्हती. खास गोष्टच पुढे ठेवायला हवी होती, कच्ची असली तरी.

आणि खेळून झाल्यावर त्यांनी लोकांना प्रश्नावली दिली.

काय बदललं आणि काय नाही

उत्तरं आल्यावर कंपनीनं जे बदल जाहीर केले, त्यातले मुख्य चार असे.

पहिला, अवघडपणा. सगळ्यांना एकच काठिण्य नको, ज्याला जसं झेपेल तसं निवडता यावं.
दुसरा, कॅमेरा. पट नीट दिसावा, फिरवून बघता यावा.
तिसरा, संवाद. कोण काय बोललं ते निसटलं तर मागे जाऊन पुन्हा वाचता यावं.
चौथा, वाट बघणं. एक प्रसंग संपून दुसरा यायला लागणारा वेळ कमी व्हावा.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि यात काय नाही ते शोधा.

गप्पा कमी केल्या, असं यात नाही! लोकांना बोलणं जास्त वाटलं होतं. पहिल्या डेमोवरची ही अगदी नेहमीची तक्रार होती. मलाही दुसरा डेमो खेळताना तेच वाटलं, म्हणजे तो स्वभाव त्यांनी ठेवला. राजकारणाची लांब गोष्ट हाच त्यांचा माल होता. त्यांनी गोष्ट छाटली नाही. गोष्ट ऐकणाऱ्याला सोपं जाईल असं केलं: निसटलेलं पुन्हा वाचायची सोय दिली, वाट बघणं कमी केलं. तक्रार ऐकली, तिच्या मुळाशी गेले, आणि जे बदलल्यानं आपला माल आपला राहणार नाही त्याला हात लावला नाही.

माझ्या मते आजच्या लेखातला सगळ्यात महागडा धडा हाच आहे. आपल्याकडे सर्रास उलटं होतं. बॅचमधल्या एक ताई कोकणी पद्धतीचा मालवणी मसाला करतात. चांगला झणझणीत. त्यांनी ओळखीच्यांना पुड्या दिल्या. दोघी म्हणाल्या, "तिखट आहे हो." ताईंनी मिरची कमी केली. मग कोणीतरी म्हणालं, "रंग येत नाही." मग आणखी काहीतरी केलं. दोन महिन्यांत तो मसाला दुकानातल्या कुठल्याही मसाल्यासारखा झाला, आणि मग लोक दुकानातलाच घ्यायला लागले. तो स्वस्त पडतो!

मग ताईंनी करायला काय हवं होतं? मसाला तसाच ठेवून पुडीवर लिहायचं: 'चौघांच्या रश्श्याला एक सपाट चमचा पुरे.' तिखटपणाच्या दोन पातळ्या करायच्या, गेमवाल्यांनी केल्या तशा. पुडी फाडल्यावर सांडते का, डबीत राहील का, हे बघायचं. म्हणजे वापरणं सोपं करायचं आणि चव तीच ठेवायची.

एक साधी कसोटी सांगते. तक्रार आली की विचारा: ही तक्रार वापरताना होणाऱ्या त्रासाची आहे, की मालाच्या स्वभावाची? त्रासाची असेल तर लगेच सुधारा. स्वभावाची असेल तर थांबा. कदाचित ते गिऱ्हाईक तुमचं नसेलच, आणि त्यात कोणाचाच दोष नाही.

दोन डेमो, दोन वेगळी कामं

आता दुसऱ्या डेमोकडे या. फेब्रुवारी २०२२. या वेळी सगळं उलट. सुरुवात सुरुवातीपासून. पहिले तीन भाग, बंदरावरच्या दरोडेखोरांशी एक सोपी लढाई, माणसांची ओळख, शेवटी पहिला तराजू. आणि एक मोठी सोय: डेमोत जेवढं खेळलात तेवढं पूर्ण गेममध्ये पुढे चालू. गेम विकत घेतलात तर पुन्हा पहिल्यापासून खेळायची गरज नाही.

या डेमोचं काम विचारणं नव्हतं. विकणं होतं. आणि विकताना त्यांनी माणसाचे ते दोन-तीन तास वाया जाऊ दिले नाहीत. डेमो संपला तेव्हा माझी गोष्ट अर्ध्यावर होती, माझी माणसं तयार झाली होती. तिथे सोडून जाणं जिवावर येतं. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहून बघत नाही, ते आत येऊन बसलेलं असतं.

तर माझं मत सरळ आहे. सॅम्पल दोन प्रकारचं असतं, आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाला, एकाच पुडीतून देऊ नये.

विचारण्याचं सॅम्पल: कच्चं चालेल. मोजक्या लोकांना द्या. त्यात तुमची खास गोष्ट पाहिजेच. 'अजून तयार होतंय' हे स्पष्ट सांगा. उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका.

विकण्याचं सॅम्पल: पक्कं पाहिजे. सुरुवातीपासून, सोपं, स्वच्छ. आणि त्यात गिऱ्हाइकानं घातलेला वेळ किंवा पैसा पुढच्या खरेदीत वळता झाला पाहिजे.

आपण काय करतो? महालक्ष्मी सरससारख्या मोठ्या प्रदर्शनात किंवा गावच्या जत्रेत स्टॉल घेतो आणि तिथे पहिल्यांदाच केलेली नवी चकली लोकांना चाखायला देतो. स्टॉलचं भाडं भरलेलं, गर्दी समोर, विचारायला वेळ नाही, आणि चकली जरा मऊ पडलेली. विकणंही होत नाही आणि शिकणंही होत नाही. नवी चकली आधी दहा घरी द्यायची असते. प्रदर्शनात जायचं ते पक्की झालेली चकली घेऊन.

कच्चं दिलं तर नाव खराब होईल, ही भीती मला कळते. त्याचंही उत्तर त्या 'प्रोजेक्ट' आणि 'तात्पुरतं नाव' या शब्दांत आहे. माणूस कच्च्या मालावर चिडत नाही. पक्का म्हणून कच्चा दिला की चिडतो. पुडीवर 'चाचणीची बॅच, मत सांगा' एवढं लिहा. तीच व्यक्ती गिऱ्हाइकाऐवजी सल्लागार होते. आणि एक गंमत बघा, पुढे त्यांनी तात्पुरतं नावच कायम ठेवलं, फक्त 'प्रोजेक्ट' हा शब्द काढला!

"त्यांना परवडतं हो, आपल्याला कुठे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. स्क्वेअर एनिक्स मोठी कंपनी आहे. त्यांच्या डेमोची एक प्रत केली काय आणि लाख केल्या काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. तुमच्या प्रत्येक पुडीला मात्र तेल, मसाला, गॅस आणि कष्ट लागतात. मुद्दा बरोबर आहे.

म्हणून तर दोन सॅम्पल वेगळी ठेवायची. विचारण्याचं सॅम्पल दहा-बारा माणसांपुरतंच असतं, तेव्हा खर्च आटोक्यात राहतो. आणि विकण्याचं सॅम्पल फुकट द्यायची गरजच नाही, फक्त वळतं करून द्या. महिन्याचा डबा देत असाल तर तीन दिवसांचा डबा पैसे घेऊन द्या, आणि महिना लावला तर ते पैसे बिलातून वजा करा. क्लास असेल तर पहिले दोन तास कोर्समध्येच धरा. ब्लाऊज शिवत असाल तर पहिल्या वेळी घेतलेली मापं वहीत नीट ठेवा आणि गिऱ्हाइकाला सांगा, "ताई, पुढच्या वेळी यायची गरज नाही, नुसतं कापड पाठवा." हीच तुमची 'पुढे चालू' सोय. तिला एक पैसा लागत नाही.

दुसरा प्रश्न असा येतो की हे एकदा जमलं, नशीब असेल. तसंही नाही. याच कंपनीनं आधी ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर या गेमच्या वेळी हेच केलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये 'प्रोजेक्ट' लावून डेमो, मग प्रश्नावली, मग सुधारणा, मग २०१८ मध्ये 'पुढे चालू' होणारा दुसरा डेमो, आणि त्या जुलैमध्ये गेम बाजारात. म्हणजे ही त्यांची रीत आहे. ट्रँगल स्ट्रॅटेजीच्या जगभरात पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ८ लाख प्रती गेल्याचं जाहीर झालं. त्याचं सगळं श्रेय डेमोला द्यायचं कारण नाही. चांगला गेम, मोठं नाव, जाहिरात, सगळंच त्यात आलं. पण ज्यांचं नाव आधीच मोठं आहे, तेसुद्धा माल बाजारात आणायच्या वर्षभर आधी लोकांना विचारायला जातात. मग आपण कशाच्या जोरावर न विचारता पाचशे पाकिटं छापून आणतो?

पाकिटांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते. बचतीतले पैसे घालून आधी लोगो, मग पाकिटं, मग बॅनर, आणि माल कोणी चाखलेलाच नाही. मग तीन महिन्यांनी तीच पाकिटं माळ्यावर. पैसे गेल्याचं दुःख असतंच, पण त्याहून वाईट म्हणजे घरातलं माणूस म्हणतं, "मी सांगत होतो ना?" आणि ती बाई पुन्हा काही करायचं धाडस करत नाही. धंद्यात हरल्यावरही अनुभव आपल्याकडे राहतो, गेममध्ये राहतो तसा. पण पुन्हा पटावर बसायला हातात काहीतरी शिल्लक लागतं. आधी विचारणं म्हणजे ती शिल्लक राखणं.

विचारायचं कसं?

"कसं वाटलं?" असं विचाराल तर "छान!" असंच उत्तर येणार. आपली माणसं प्रेमळ आहेत, तोंडावर नाव ठेवत नाहीत. म्हणून मताऐवजी घडलेलं विचारा. हे चार प्रश्न वहीत लिहून घ्या:

१. वापरताना कुठे अडलात?
२. किती संपलं, किती उरलं? (उरलेला डबा खरं बोलतो.)
३. घरातल्या दुसऱ्या कोणी वापरलं का? त्यांनी काय केलं?
४. उद्या हे मिळालं नाही तर याऐवजी काय वापराल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा खरा स्पर्धक. बऱ्याचदा तो शेजारचा दुकानदार नसतो. 'काहीच नाही, आम्ही घरीच करतो' हा असतो.

आणि दहापैकी किती जणांनी एकच गोष्ट सांगितली ते मोजा. एकानं सांगितली तर ऐकून ठेवा. पाचांनी सांगितली तर कामाला लागा. पण काम करायच्या आधी वरची कसोटी लावा: त्रास की स्वभाव?

मग गेम घ्यावा का?

ज्यांना बुद्धिबळाची, पत्त्यांच्या डावाची आवड आहे आणि लांबलचक ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायचा कंटाळा नाही, त्यांना आवडेल. झटपट मारामारी हवी असेल तर वाटेला जाऊ नका. आणि आधी डेमो खेळून बघा, तो त्यासाठीच तर केलाय.

मला मात्र त्या तराजूनं विचारात पाडलं. सेरेनोआ सरदार आहे, हुकूम सोडू शकतो. तरीही त्याला गावात हिंडून, लोकांशी बोलून, एकेकाला पटवावं लागतं. आपण तर सरदारही नाही. आपलं गिऱ्हाईक आपलं ऐकायला बांधलेलं नाही. त्याच्या हातातलं नाणं कुठल्या पारड्यात पडणार हे त्यालाच ठरवायचंय.

या आठवड्याचं काम: तुमच्या मालाची एक 'चाचणीची बॅच' करा. दहा माणसं निवडा, त्यात नातेवाईक जास्तीत जास्त तीन. चार प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा, त्रास आणि स्वभाव असे दोन रकाने पाडा. त्रासाचा रकाना भरला की हुरूप धरा, सुधारायला जागा सापडली. स्वभावाच्या रकान्यात काय आलं आणि तुम्ही काय राखायचं ठरवलंत, ते मला जरूर कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही उदाहरणं घेऊन बोलू.

तोवर कामाला लागा. पाकिटं नंतर छापू!